दोन मिलिमीटर वर, दोन खाली

मायक्रॉनच्या दोन बुबुळांमधलं अंतर चौसष्ट मिलिमीटर आहे. लोकांना आपल्या वैऱ्याचा पत्ता माहीत असतो, फार तर त्याची गाडी कुठली आणि तो कुठे उठतो-बसतो ते. मला माझ्या वैऱ्याच्या बुबुळांमधलं अंतर पाठ आहे, कारण ते मी स्वतः पट्टी धरून मोजलेलं आहे.

मायक्रॉन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. माझा दादा ज्या कारखान्यात लेथवर होता, तिथला तो फोरमन. "मिलिमीटरचा हजारावा भाग, मायक्रॉन, मला नुसत्या डोळ्यांनी दिसतो," असं उठसूट सांगायचा, म्हणून कामगारांनी ते नाव ठेवलं आणि त्यालाही ते आवडलं. तसं त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्याचा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे साडेपाच. अशा माणसाने चष्मा काढला की समोरून कोण येतंय ते कळत नाही, पण नाकासमोर धरलेली बारीक रेघ सुईच्या टोकासारखी स्पष्ट दिसते. निसर्गाने दिलेलं भिंग ते, त्यात त्याचं कर्तृत्व काहीच नाही. पण काही माणसं सर्दीचासुद्धा तोरा मिरवतात.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. बारा वर्षं लेथवर काम केलं त्याने, आणि एवढ्या वर्षांत नखालासुद्धा ओरखडा नाही. लेथवर लोखंडाचा गोल दांडा गरगर फिरत असतो, हत्यार त्याला सोलत असतं आणि गरम कीस उडत असतो. म्हणून डोळ्यांना गॉगल. कारखान्याने दिलेले गॉगल प्लॅस्टिकचे, स्वस्तातले. त्यावर तेलकट पाणी उडायचं, ते हाताशी असेल त्या चिंधीने पुसायचं, आणि चिंधीत आधीचा कीस असायचा. सहा महिन्यांत काचेवर इतके ओरखडे पडायचे की दादा म्हणायचा, "वरच्या एका ट्यूबलाइटच्या मला शंभर दिसतात, आणि डायलवरची एक रेघ मात्र दिसत नाही." त्याने नवा गॉगल तीनदा मागितला. मायक्रॉनने तिन्ही वेळा एकच उत्तर दिलं, "सवय होईल."

मग एके दिवशी दुपारी, हत्याराचा शेवटचा हात फिरवताना डायलवरची रेघ वाचायला दादाने गॉगल कपाळावर सरकवला. तेवढाच वेळ पुरला. डावा डोळा गेला.

चौकशी झाली तेव्हा मी दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. दार नीट लागत नव्हतं. दादाचा आवाज आला, "काचेतून दिसत नव्हतं, म्हणून वर केला." त्यावर मायक्रॉन हसला. ते हसू मला अजून ऐकू येतं. तो म्हणाला, "दिसत नव्हतं म्हणे! बाकी चाळीस जणांना दिसतं, यालाच बरं दिसत नाही." आणि कागदावर शेरा आला: अपघात कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.

एका डोळ्याचे कारागीर लेथवर काम करतात, आम्ही चौकशी करून आलो होतो. पण निष्काळजी माणसाला कोणी यंत्रापाशी उभं करत नाही. दादा चार कारखान्यांत जाऊन आला. चारही ठिकाणी आधी त्याचा हात बघून खुश झाले, मग तो कागद वाचला आणि कळवतो म्हणाले. पाचव्या ठिकाणी तो गेलाच नाही. वर्षभर घरात बसून राहिला. चहा ओतताना अंतर कळत नाही म्हणून आधी किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवायची, मग ओतायचं, हे मी त्याला शिकवलं. माणूस त्याच हाताने बारा वर्षं केसाएवढं माप पकडत होता, आणि मी त्याला चहा ओतायला शिकवत होते.

मला तो शेरा पुसून हवा होता. आणि नुसता पुसून नको होता. ज्या तोंडाने तो लिहायला लावला, त्याच तोंडातून "काचेतून दिसत नव्हतं" हे शब्द बाहेर पडायला हवे होते. त्याशिवाय माझं समाधान होणार नव्हतं.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दुकान ज्यांचं, त्यांना सगळी गल्ली नंबरवाले म्हणते. ते पुढे बसून डोळे तपासतात, मी पडद्यामागे काच घासून फ्रेममध्ये बसवते. दादाच्या अपघातानंतर कारखान्यात नवा मॅनेजर आला. त्याने दोन गोष्टी केल्या. यंत्र चालू असताना चष्मा वर केलेला दिसला तर त्या माणसाला यंत्रावरून काढायचं आणि कागदावर शेरा मारायचा, अशी पाटी लावली. आणि ज्यांना नंबर आहे त्यांना नंबरच्याच काचेचे, बाजूने झाकलेले, जाड काचेचे सुरक्षा चष्मे करून द्यायचे ठरवलं. काम आमच्या दुकानाकडे आलं. पहिल्या आठवड्यात सातजण येऊन गेले. आठवा मायक्रॉन.

नंबरवाल्यांनी त्याचे डोळे तपासले आणि मापासाठी माझ्याकडे पाठवलं. तो मला ओळखत नव्हता. कशाला ओळखेल? बाकावरच्या बाईकडे त्याने तेव्हा ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"माझ्या नाकाकडे बघा," मी म्हणाले आणि पट्टी त्याच्या नाकावर ठेवली.

हे माप घेताना गिऱ्हाइकाचा चेहरा वीतभर अंतरावर असतो. त्याच्या श्वासाला लवंगेचा वास होता. भुवईत एक पांढरा केस होता. मी बुबुळांवरून पट्टी सरकवत होते आणि तो गप्पा मारत होता.

"हे सगळं एका शहाण्यापायी, ताई. आमच्याकडे एकजण होता, त्याचा चष्मा कायम कपाळावर. त्याला कपाळाने दिसत असावं!"

आणि हसला. तेच ते हसू.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, गेला डोळा. आता बसलाय घरी. आम्हाला मात्र हे जाडजूड झेंगट गळ्यात."

"नाकाकडे बघा," मी म्हणाले. "हलू नका."

चौसष्ट. मी लिहून घेतलं.

आता जे केलं ते सांगायचं तर काचेचं थोडं सांगावं लागेल. नंबरच्या काचेला एक मध्य असतो. तो बरोबर बुबुळासमोर आला पाहिजे. तो सरकला तर नंबर अगदी बरोबर असूनही काच चित्र ओढून घेते. आडवं थोडं सरकलं तर डोळे सांभाळून घेतात, डोळ्यांना आत-बाहेर वळायची सवय असते. पण एका काचेचा मध्य वर आणि दुसरीचा खाली गेला, तर एका डोळ्याला वर आणि दुसऱ्याला खाली बघावं लागतं. ते माणसाच्या डोळ्यांना जमत नाही. जमवायला जातात आणि डोकं फुटायची वेळ येते. रेघांच्या दोन रेघा होतात. पायरी असते त्यापेक्षा वर वाटते. आणि एवढं सगळं होऊन चष्मा तपासायला आणला, तर नंबर अगदी बरोबर.

मी उजव्या काचेचा मध्य दोन मिलिमीटर वर धरला आणि डाव्या काचेचा दोन मिलिमीटर खाली. हात थरथरला असं सांगितलं तर बरं दिसेल. नाही थरथरला. त्या दिवशी काचेची कड जितकी सुबक आली तितकी कधी आली नव्हती. चष्मा पुसून डबीत ठेवताना मी गुणगुणत होते, आणि पडद्यापलीकडून नंबरवाले म्हणाले, "आज स्वारी खुशीत दिसते."

आठ दिवसांनी मायक्रॉन परत आला. मी पडद्यामागून ऐकत होते.

"डोकं ठणकतं हो. संध्याकाळपर्यंत नुसतं भणभणायला लागतं."

नंबरवाल्यांनी काच यंत्राखाली धरली. "उणे साडेपाच. दोन्ही. काहीच चूक नाही. काच जाड आहे ना, नवीन आहे. सवय होईल."

आमच्या धंद्यात अर्ध्या तक्रारी या दोन शब्दांवर निकालात निघतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा खरोखरच सवयीने जातात, म्हणून नंबरवाल्यांचा त्यात दोष नव्हता. पण ते शब्द त्यांच्या तोंडून मायक्रॉनला ऐकवले गेले तेव्हा मला पडद्यामागे तोंडात पदर कोंबावासा वाटला. माझ्या अंगावर पदर नव्हता, काच पुसायचं फडकं होतं. तेच कोंबलं.

त्यानंतरच्या आठवड्यात तो पुन्हा आला. चेहरा उतरला होता, हनुवटीवर खरचटलं होतं. कारखान्याच्या जिन्यावरून पडला होता. "वरच्या पायरीला पाय घातला आणि पायरीच नव्हती," तो म्हणाला. "आणि माझे तीन जॉब माप चुकून बाद झाले, तीन! मॅनेजर विचारतो, घरी काही त्रास आहे का? पोरं म्हणतात, दुपारीच टाकून येतो. मी! मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही."

नंबरवाले त्याला पाणी देत होते. मी आत काच घासत होते, आणि खरं सांगते, मला त्याच्या हनुवटीचं काही वाटलं नाही. मी मनात म्हणत होते, अजून. अजून थोडं.

कारखान्याशी आमचं असं ठरलं होतं की महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी तिथे जायचं, चष्म्यांच्या काड्या घट्ट करायच्या, नाकावरची पॅड बदलायची, काचा बघायच्या. त्या सोमवारी मला एका खांबापाशी टेबल दिलं. पलीकडे तीन हातांवर एक मोठं लेथ, आणि त्यावर स्वतः मायक्रॉन उभा होता. तीन जॉब बाद झाल्यावर चौथा तो कोणाच्या हाती देणार नव्हता, इभ्रतीचा प्रश्न होता. त्याची पाठ माझ्याकडे, चेहरा अर्धवट दिसत होता. खांबावर, माझ्या खांद्याच्या उंचीवर, लेथ झटकन बंद करायचं लाल बटण होतं. हात लांब केला असता तर पोचला असता.

मी एकाच्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करत होते. तो माणूस चष्मा घेऊन गेला. मी वर पाहिलं.

मायक्रॉन डायलवर वाकला होता. डोळे बारीक करत होता, मान एकदा या खांद्याकडे झुकवत होता, एकदा त्या. दोन रेघा दिसत होत्या त्याला, मला माहीत होतं. त्यातली खरी कुठली हे त्याला ठरवता येत नव्हतं. मग त्याने डाव्या हाताने चष्मा कपाळावर सरकवला आणि चेहरा पार खाली, डायलला लावावा इतका जवळ नेला. चष्म्याशिवाय त्याला वीतभरच दिसतं ना. त्याच्या गालापासून फिरतं लोखंड फूटभरसुद्धा लांब नव्हतं. निळसर कीस तुटून उडत होता. एक तुकडा त्याच्या कॉलरवर पडला, त्याने मानेने झटकला.

मी बटणाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. आणि उभी राहिले.

मी ओरडले नाही. हात हलवला नाही. मी वाट बघत होते. काय होतंय ते बघत होते असं नव्हे. व्हावं म्हणून वाट बघत होते. छातीत धडधडत होतं आणि ती भीती नव्हती. किती वेळ गेला सांगता येत नाही, पण हत्याराचा एक हात पुरा फिरला आणि त्याने दुसरा लावला, एवढा तरी गेला. तेवढ्यात मागून कोणीतरी जोरात ओरडलं, "चष्मा!" आणि मायक्रॉनने दचकून यंत्र बंद केलं.

मॅनेजर होता. आपल्या काचेच्या खोलीतून धावत आला होता. मायक्रॉनला काहीही झालं नव्हतं. मला काय वाटलं ते सांगते: मला हळहळ वाटली. बस चुकल्यावर वाटते तशी.

"पाटी तुमच्या डोक्यावर आहे," मॅनेजर म्हणाला. "रोज तुम्हीच ती लोकांना वाचून दाखवता. चष्मा वर का होता?"

मायक्रॉनचा चेहरा पांढराफटक. चाळीस माणसं काम थांबवून बघत होती. त्याने कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला, आणि एखादं पोर बोलेल तसा बोलला.

"साहेब, काचेतून दिसत नव्हतं, म्हणून वर केला."

शब्दसुद्धा तेच. एकही इकडचा तिकडे नाही.

मी खांबापासून पुढे झाले. "हे वाक्य मी आधी ऐकलंय, साहेब."

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही चष्म्याच्या दुकानातल्या ना?"

"हो. आणि मागच्या वर्षी या लेथवर ज्याचा डोळा गेला, त्याची बहीण. त्यानेही चौकशीत हेच सांगितलं होतं. तेव्हा हे फोरमनसाहेब हसले होते."

मायक्रॉनची नजर माझ्यावर खिळली. चष्मा हातात, म्हणजे मी त्याला धूसरच दिसत असणार. पण ओळखलं त्याने. आवाजावरून ओळखलं की नाकावरून, कोण जाणे.

"आता यांच्या कागदावर तोच शेरा मारा," मी म्हणाले. "स्वतःचा निष्काळजीपणा. किंवा मग दिसत नसेल तर माणूस चष्मा वर करतो, हे मान्य करा आणि माझ्या भावाचा शेरा काढा. एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असं चालणार नाही."

मॅनेजर नवा होता आणि माणूस सरळ होता. त्याने मायक्रॉनला विचारलं, "त्याने गॉगल बदलून मागितला होता का?"

मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणी खोकलं. फोरमनकी पणाला लागली होती, मायक्रॉनच्या चेहऱ्यावर हिशेब चाललेला मला स्पष्ट दिसत होता, मला काही नंबर नाही.

"तीनदा," तो शेवटी म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"म्हटलं, सवय होईल."

"लिहून द्या," मॅनेजर म्हणाला.

त्याने माझ्याच टेबलावर बसून लिहिलं. चष्मा काढून, कागदावर नाक टेकवून. गॉगल खराब होता, कामगाराने तीन वेळा बदलून मागितला, मी दिला नाही, त्यातून दिसत नव्हतं म्हणून त्याने तो वर केला. मॅनेजरने खाली जुना शेरा रद्द केल्याचं लिहिलं, सही-शिक्का केला आणि एक प्रत मला दिली. मायक्रॉनने चष्मा माझ्यापुढे सरकवला. "ताई, याचं काही करता येईल का?" त्याच्या आवाजात आता मायक्रॉन उरलाच नव्हता, साधा डोकं दुखणारा माणूस होता.

"उद्या नवीन करून आणते," मी म्हणाले. "बसवताना जरा सरकलं असेल."

घरी जाताना मी रस्त्याने अक्षरशः पळत होते. दादा स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, चहा ओतत होता, किटलीची चोच कपाला टेकवून. मी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उचलला, वाचला, पुन्हा वाचला. बोट शिक्क्यावरून फिरवलं.

"याने लिहून दिलं? आपणहून?"

मग मी सांगितलं. सगळं. मापापासून. दादाचे ओठ हलायला लागले, आणि मी मिलिमीटरपाशी आले तेव्हा त्याने मला थांबवलं. त्याच्यातला कारागीर जागा झाला होता.

"आडवं की उभं?"

"उभं. उजवं दोन वर, डावं दोन खाली."

"दोन!" तो म्हणाला, आणि हसायला लागला. वर्षभरात पहिल्यांदा. टेबलावर हात आपटून हसला, चहा सांडला तरी हसत राहिला. "मायक्रॉनला दोन मिलिमीटर! अगं, मला आधी बोलायचंस, मी तीन सांगितले असते!"

मीही हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. आम्ही जिंकलो होतो. मी त्याला जिना सांगितला, तीन बाद जॉब सांगितले, टाकून येतो म्हणतात ते सांगितलं. दर खेपेला तो "मग? मग?" म्हणत होता. मग लेथ सांगितलं.

"चष्मा कपाळावर, आणि तोंड डायलवर. एवढ्यावर! कीस उडतोय, कॉलरवर पडतोय."

"तू कुठे होतीस?"

"खांबापाशी."

"खांबाला लाल बटण आहे," दादा म्हणाला. हसू अजून त्याच्या तोंडावर होतं, पण आता नुसतं राहून गेलेलं. "अजून आहे का?"

"आहे."

"आणि?"

"आणि काय? मॅनेजर ओरडला."

"त्याच्या आधी."

त्याने कागद टेबलावर ठेवला, सांडलेल्या चहापासून लांब.

"मी कोणाला सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी मी गॉगल वर केला तेव्हा तो माझ्या मागेच होता. त्याच खांबापाशी. त्याने बघितलं. मला वाटलं आता ओरडेल. तो म्हणाला, उरक लवकर."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय उपयोग? सिद्ध कसं करणार होतो?" त्याने टेबलावरचा चहा तळहाताने एका बाजूला लोटला. "वर्षभर मी त्याच एका गोष्टीवर विचार करतोय. माणूस बघत कसा उभा राहू शकतो? शेवटी मी ठरवलं की त्याला माहीत नसणार. डोळा जाणं म्हणजे नेमकं काय, ते त्याने कधी बघितलं नव्हतं. मग त्याचा राग जरा कमी व्हायचा."

मी फडकं घेऊन टेबल पुसायला लागले.

"तुला माहीत होतं," दादा म्हणाला. "तू रोज सकाळी माझ्या डोळ्याची खोबण धुतेस. तुला सगळं माहीत होतं."

मला त्याचा राग आला. ज्याच्यासाठी एवढं केलं, तो मलाच जाब विचारत होता. मी म्हणायला हवं होतं की मी गोंधळले होते, हात उचलला नाही, सुचलं नाही. मनात आलंही. पण दादाशी मी कधी खोटं बोललेले नाही.

"हो," मी म्हणाले. "माहीत होतं. म्हणूनच उभी राहिले."

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग तो खुर्चीवर हळूच वळला, अर्धवट खिडकीकडे तोंड करून. त्याची डावी बाजू माझ्याकडे आली. दुकानातल्या खणातून रंग जुळवून मीच आणलेला तो काचेचा डोळा माझ्यावर रोखलेला होता, आणि मी कितीतरी वेळ त्याच्याशीच बोलत राहिले.